सोमवारची हजेरी

सुदेशला आपणच पकडून दिलं, हे रुक्मिणीबाईंच्या घशाखाली उतरत नव्हतं. त्या ठाण्यावर गेल्या होत्या ते दीपेशचं नाव सांगायला. बंदरावर गाड्या भाड्याने देणारा दीपेश नशेच्या पांढऱ्या पुड्या विकतो, हे अख्ख्या पेठेला ठाऊक होतं. बोलत कुणी नव्हतं. बाईंचा सुदेश तोंडवलीला पर्यटकांच्या बोटीवर कामाला. वर्षभरात त्याचे गाल बसले, तो आईच्या नजरेला नजर देईना. तेव्हा जन्मभर शाळेत शिकवलेल्या बाई एकट्याच उठल्या आणि ठाण्यावर गेल्या. साहेबांनी चहा पाजला, नाव गुप्त राहील म्हणाले.

लवकरच धाड पडली. दीपेशच्या दुकानात काही सापडलं नाही. दुकानाबाहेर उभ्या असलेल्या सुदेशच्या खिशात मात्र पुडी सापडली. दुसऱ्या दिवशी पेपरात मोठ्या कारवाईची बातमी आणि तोंड झाकलेल्या तीन पोरांचा फोटो. मधल्याच्या अंगातला शर्ट बाईंनीच गणपतीत घेतला होता.

बाई तडक ठाण्यावर गेल्या. साहेब शांतपणे म्हणाले, ज्याच्याकडे माल सापडतो त्यालाच धरावं लागतं. यंदा तर आम्ही गेल्या वर्षीच्या दुप्पट मुलं पकडली.

"दुप्पट पकडलीत," बाई म्हणाल्या, "मग गावात पुडी मिळायची थांबली का?" इतकं बोलून त्यांची शाळेतली मराठी संपली. "माझो झील आजारी आसा, साहेब. तेका डॉक्टर व्हयो होतो. तुम्ही तेका कोठडी दिलास."

कोठडीत पुडी मिळेनाशी झाली तसा सुदेश लटलट कापत होता, ओकत होता. पहाऱ्यावरच्यांना ते नाटक वाटलं. जामीन झाला तो दर सोमवारी ठाण्यावर हजेरी द्यायच्या अटीवर. बाईंनी त्याला कुडाळच्या डॉक्टरांकडे न्यायला सुरुवात केली. एवढ्या उशिरा का आणलंत, एवढंच डॉक्टरांनी विचारलं.

एका सोमवारी हजेरी देऊन मायलेक बाहेर आले, तर समोरच्या वडाखाली दीपेश मोटारसायकलवर बसलेला. गाडी चालू होती. त्याने हसून हाक मारली, "सुदेशा, येतंस?"

सुदेशचं पाऊल उचललं. ते पाऊल बघून बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तीरासारख्या गेल्या, गाडीची चावी उपसली आणि तशाच ठाण्यात शिरल्या. साहेबांच्या टेबलावर चावी आपटून म्हणाल्या, "तुमका तो सापडना नाय मा? हो बघा, तुमच्याच दारात गिऱ्हायकाची वाट बघता!"

साहेब खिडकीशी गेले. बाहेर बघून परत आले. चावी शिपायाकडे देत म्हणाले, "ज्याची आहे त्याला देऊन ये." मग बाईंकडे न बघता त्यांनी सांगितलं की सार्वजनिक जागी उभं राहणं हा गुन्हा नाही. दुसऱ्याच्या गाडीची चावी हिसकावणं मात्र आहे.

दीपेशने खरोखरच तक्रार दिली. तिची नोंद तिथल्या तिथे झाली.

मायलेक स्टँडवर कुडाळच्या गाडीची वाट बघत होते. सुदेश खालमानेने म्हणाला, "आये, तेचा नाव पोलिसांका तूच दिलं होतंस?"

"होय. आणि परत देतलंय. हंय आयकले नाय, तर वरच्यांका देतलंय."

गाडी लागली तेव्हा बाईंनी त्याचा दंड धरला. तो सोडवून न घेता चढला.