वांदराने दिलेला पेपर

"ह्याच्यावर कोण विश्वास ठेवायचा नाय, आणि ठेवलाच तर तो बुरोंडीचा नव्हे," हमीदचाचांनी सुरुवात केली. "पण तू कुठे बुरोंडीची? म्हणून तुला सांगतो."

लॅपटॉपच्या पडद्यावर राही होती. अमरावतीतल्या आपल्या खोलीत बसून ती एका ऑनलाइन विद्यापीठाच्या नापास विद्यार्थ्यांना शिकवायची. दर गुरुवारी दुपारी चार ते साडेचार हा वेळ चाचांचा. एरवी चाचांनी घसा खाकरला की ती आधीच हसायला लागायची. आज "सांगा" एवढंच म्हणाली.

आणि आज तर गोष्ट रंगवणं भागच होतं. कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या पेपरात चाचा तिसऱ्यांदा आपटले होते. तीनदा आपटलेल्याचं नाव विद्यापीठ पटावरून काढून टाकतं. चौथी संधी मिळते ती एकाच अटीवर: चूक विद्यार्थ्याच्या हातची नव्हती, असं शिकवणाऱ्याने लिहून द्यायचं. ते पत्र राहीने आज पाचच्या आत पाठवायचं होतं. नाही पाठवलं तर पुढचा गुरुवार नाही.

चाचांनी तीस वर्षं जहाजांच्या इंजिनात काढलेली. शेवटच्या जहाजावर जुन्या काट्यांच्या तबकड्यांच्या जागी कॉम्प्युटरचे पडदे बसले, आणि मिसरूडही नीट न फुटलेला एक अधिकारी त्यांना म्हणाला, चाचा, ह्याला हात लावू नका. ते वाक्य मनात सलत राहिलं. पुढे चाचा घरी बसले, बायको कौसर अल्लाला प्यारी झाली, मुलगा यासीन बायकापोरांना घेऊन कुवेतला गेला. चार खोल्यांत एक माणूस उरला, तेव्हा चाचांनी ठरवलं, त्या पडद्याच्या आत काय आहे ते एकदा बघायचंच.

कॉलेज म्हटल्यावर चार पोरं भेटतील, असं त्यांना वाटलं होतं. भेटले ते काळे चौकोन. चाळीस चौकोन, खाली चाळीस नावं, कॅमेरा एकाचाही चालू नाही. पहिल्या दिवशी चाचा इस्त्रीचा सदरा घालून, अत्तर लावून बसले होते. त्या सगळ्या काळोखात त्यांचं एकच तोंड उजेडात. तेवढ्यात खाली कोणीतरी लिहिलं, "काका, तुमचा कॅमेरा चुकून चालू राहिलाय." चाचांनी तो बंद केला.

व्याख्यानं तर आधीच रेकॉर्ड करून ठेवलेली. मधेच सर विचारायचे, "समजलं का?" आणि तीन सेकंद थांबायचे. चाचा प्रामाणिकपणे सांगायचे, नाय समजलं, परत सांगा. सर "छान" म्हणून पुढे निघून जायचे. सुरुवातीला चाचांना हसू यायचं. नंतर नंतर त्यांनी उत्तर द्यायचं सोडलं, पण ते तीन सेकंद आले की अजूनही पडद्याकडून नजर काढून घ्यायचे.

तरी शिकले. बिघाड कुठे आहे ते आवाजावरून शोधणारा माणूस, त्याला प्रोग्रॅममधली चूक शोधायला कितीसं जड? बाकीचे विषय एका दमात सुटले. शेवटचा पेपर मात्र पहिल्यांदा राहिला, तो बोटं सावकाश चालतात म्हणून. आणि त्या नापासावर बक्षीस मिळावं तशी राही मिळाली.

पहिल्याच गुरुवारी तिचा कॅमेरा चालू होता, आणि तिने विचारलं, "जेवलात का?" ती सगळ्यांनाच विचारत असणार. चाचांनी मात्र काय जेवले ते मीठ कमी पडल्यापासून सांगितलं. मग पेपर का राहिला ते सांगितलं: मुशी माशाने समुद्राखालची इंटरनेटची वायर चावली. राही इतकी हसली की तिचा कॅमेरा हलला. पोरीने समुद्र बघितलेला नव्हता. तेव्हापासून वीस मिनिटं अभ्यास, दहा मिनिटं दर्या. तांबड्या समुद्रात उकाडा असा की मासे जाळ्यात शिजूनच यायचे, हेही तिने ऐकून घेतलं. बुरोंडीच्या बंदरावर ही गोष्ट काढली असती, तर शेवट पोरांनीच सांगून टाकला असता. पोरांना चाचांच्या सगळ्या गोष्टी पाठ होत्या.

दुसऱ्यांदा नापास झाले तेव्हा कौलं फोडून नारळ नेमका लॅपटॉपच्या कळांवर पडला होता. राही हसली, पण जरा कमी.

शेजारची बिल्किस अंगणात सुकट वाळत घालायची. तिने टोमणा मारला होता, आमच्या नातवाला आठवीपर्यंत कोण नापास करत नाय, तुम्हाला बरे करतात. मग सुपात बघत म्हणाली, "पास झालात की ती पोरगी बोलायची बंद होईल, होय ना?" चाचा म्हणाले, आधी पास तर होऊ दे. आणि घरात जाऊन उगाचच कंदिलाची काच पुसत बसले. घरात वीज होती.

आता वांदराची गोष्ट चालली होती. पेपर संपायला दहा मिनिटं, उत्तर तयार, चाचा पाणी प्यायला उठले, तोच खिडकीतून वांदर आत. बागेतल्या टोळीचा म्होरक्या. खुर्चीवर बसला, चाचांचा चष्मा डोळ्यांवर चढवला, पडदा वरून खाली वाचला आणि परीक्षकासारखी मान हलवली. मग एक बोट लावलं, आणि पेपर जमा.

राही हसली नाही. ती हसली नाही की वांदर आणखी शहाणा व्हायचा. त्याने चष्मा पुसून ठेवला. केळं खाल्लं, साल डब्यात टाकली. जाताना सलामसुद्धा केला.

"चाचा, हे बघा," राही म्हणाली.

पडद्यावर चाचांचाच पेपर आला, बाजूला वेळांची लांबलचक यादी. विद्यापीठाची यंत्रणा दाबलेली प्रत्येक कळ टिपून ठेवते, हे चाचा दुसऱ्या वर्षीच शिकले होते. पण ते उघडून कोणी वाचेल, असं त्यांच्या मनात आलं नव्हतं. त्यांचं काहीही आजवर कोणी इतकं बारकाईने वाचलेलं नव्हतं.

"तीन बाराला प्रोग्रॅम चालला. सगळी उत्तरं बरोबर," ती म्हणाली. "मग आठ मिनिटं काहीच नाही. आणि तीन वीसला एकच ओळ पुसली. प्रोग्रॅमने फेऱ्या कुठे थांबवायच्या, ते सांगणारी."

"वांदराचं बोट गो ते, कुठे पडेल..."

"मागच्या वेळीही हीच ओळ होती. तेव्हा नारळ होता."

चाचांनी घड्याळ बघितलं. चार वाजून चोवीस मिनिटं. सहा मिनिटांत माणूस एडनचं बंदर गाठू शकतो, नीट सांगितलं तर.

"त्याचं असं झालं गो, हा वांदर त्या नारळावाल्याचा..."

"वांदर नव्हताच, चाचा," राही म्हणाली. तिचा आवाज दुखावलेला होता की ओला, चाचांना कळेना. "ती ओळ तुम्ही पुसलीत. दोन्ही वेळा. मला गुरुवारी यावं लागावं म्हणून."