गाठीपुरता हात

गरम कुंडांच्या त्या जुन्या रयोकानात, म्हणजे जपानी पद्धतीच्या सरायीत, फुसाए नवऱ्याला घेऊन आली होती ती आराम करायला नव्हे, त्याची परीक्षा घ्यायला. नियम एकच. दोन दिवस ती त्याच्या कशालाही हात लावणार नाही.

लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत इसोकिचींनी आपला मोजा आपण शोधला असेल तर शपथ. फेरीबोटीवर दोरखंड बांधण्यात जन्म गेला. यांनी बांधलेली बोट वादळातसुद्धा जागची हलायची नाही. घरी आले की मात्र हे हात पुढे करून उभे, आणि कपडे चढवणार फुसाए. आता लेक चिनामी दूर होक्काइदोत पोटातल्या जुळ्यांच्या ओझ्याने अंथरुणाला खिळली होती, फोनवर रडून आईला बोलवत होती. तीन महिन्यांचा प्रश्न होता. बायकोने जावं असं इसोकिचींना अगदी मनापासून वाटत होतं. पोरीचं रडणं कानातून जात नव्हतं. फुसाएचा पाय निघेना. हा माणूस माझ्यामागे उपाशी आणि उघडा बसेल, असं ती शेजारीपाजारी सांगत सुटली होती. हे दोन दिवस त्याने निभावले, तरच ती जाणार होती.

सुरुवात काही शोभेची झाली नाही. संडासाच्या चपला संडासाच्या दाराशीच सोडायच्या, हे शेंबडं पोरही जाणतं. आमचे महाशय त्याच चपला घालून बाहेर आले, मालकीणबाईंना वाकून नमस्कार केला, बागेतली कमळं पाहिली आणि तशाच थाटात खोलीच्या दाराशी आले. फुसाएने चपलांकडे पाहिलं, मग यांच्याकडे पाहिलं, आणि शांतपणे चहा प्यायला लागली. इसोकिची आल्या पावली परत गेले.

"ही एक चूक धरायची नाही," परत येऊन ते म्हणाले.

तिने नाही धरली.

संध्याकाळी मात्र सगळं बेतशीर झालं. आधी अंग घासून घेतलं, पंचा डोक्यावर ठेवला, गळ्यापर्यंत कुंडात बसले. बाहेर येऊन युकाता, तो समोरून उघडा सुती झगा, अंगावर घेतला आणि क्षणभर घोटाळले. कुठली बाजू आधी? बराच वेळ आठवून आठवून त्यांनी तो गुंडाळला, वर पट्टा आवळून धक्क्यावरची ती झकास गाठ मारली आणि छाती काढून जेवणघरात शिरले.

त्यांना पाहून भात आणणारी बाई दारातूनच मागे वळली. मालकीणबाई शेजारी गुडघे टेकून बसल्या, हवा गार झाल्याचं बोलल्या, दुसरा युकाता आणून देऊ का म्हणून हळूच विचारलं. हाच छान बसलाय, इसोकिची म्हणाले. पलीकडे कुठल्याशा गावच्या सहा म्हाताऱ्या जेवत होत्या. त्यांतल्या एकीच्या पोटात साके जरा जास्त गेली होती.

"भाऊजी," ती म्हणाली, "जेवून निघणार आहात, की निघालातच?"

म्हाताऱ्या तोंडावर हात धरून खुसखुसल्या. इसोकिचींना काही कळेना.

"अहो, डावी बाजू आत आणि उजवी वर," फुसाए कपाळाला हात लावून म्हणाली. "असं मढ्याला गुंडाळतात."

इसोकिचींनी मान खाली घालून स्वतःकडे पाहिलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मी कधी नीट बघितलंच नाही गं," ते म्हणाले. "तू घालायचीस, मी उभा राहायचो. एकदाच काय ते नीट बघितलं. दादाला शेवटचं नेसवत होते तेव्हा."

म्हाताऱ्यांचं हसू विरलं. फुसाएचा हात आपसूक त्यांच्या गळपट्टीकडे गेला, तो त्यांनी वाटेतच धरला.

"हात लावायचा नाही. तूच म्हणालीस. पोर वाट बघतेय तिकडे."

ते पडद्यामागे गेले. उजवी बाजू आधी अंगाशी, डावी वरून. बाहेर आले तेव्हा एक सुरकुती नव्हती. फुसाएने वरपासून खालपर्यंत पाहिलं, पण नाव ठेवायला काही सापडेना. तिने आनंदी व्हायला हवं होतं. तिचा चेहरा मात्र उतरला, आणि मांडीवर तिचा एक हात दुसऱ्याला धरून बसला. इसोकिचींना ते दिसलं. आपण उपाशी राहू याची तिला भीती नव्हतीच. आपलं तिच्यावाचून भागेल, याची होती.

त्यांनी बांधलेली गाठ सोडली आणि पट्ट्याची दोन्ही टोकं तिच्यापुढे धरली.

"बाकी जमलं. ही गाठ तेवढी काही केल्या जमत नाही बघ."

चाळीस वर्षं बोटी बांधलेल्या त्या हातांकडे फुसाएने पाहिलं. डोळे भरून आले, आणि हसूही आवरेना.

"ही एक धरत नाही," ती म्हणाली. गुडघ्यांवर पुढे सरकून तिने पट्टा फिरवला आणि दात आवळून गाठ मारली.

"अगं, एवढी घट्ट?" इसोकिचींचा श्वास अडकला. "जेवायचंय अजून."

"असू दे. तीन महिने टिकायला हवी."