विचाराला लागलेला वेळ

हँगरच्या कोपऱ्यातल्या खोलीत बसणाऱ्या माणसाला सगळे नोंदवाले म्हणत. हेलिकॉप्टरच्या कुठल्या भागाचे किती तास उडून झाले ते कार्डावर लिहायचं आणि आयुष्य संपलेला भाग उतरवायला लावायचा, हे त्याचं काम. भाग वरून कितीही धडधाकट दिसो, तास भरले की भरले. धातू थकतो आणि थकल्याचं कुणाला सांगत नाही, एवढं एकच तत्त्वज्ञान त्याच्याजवळ होतं, पण ते तो वारंवार सांगे. मशीन बंद पाडणाऱ्या माणसाशेजारी जेवायला बसण्याची कुणाला हौस नसते. कॅन्टीनमध्ये त्याचं टेबल चार माणसांचं होतं आणि ते सगळं त्याचं होतं.

घरीही जागेची चैन होती. बायको दुसऱ्या शहरात राही. घटस्फोट झालेला नव्हता. त्यासाठी दोघांना एका खोलीत यावं लागलं असतं. ताई दर रविवारी फोन करून जेवलास का विचारी आणि उत्तर यायच्या आत स्वतःच्या गुडघ्यांवर जाई.

एकोणीस महिन्यांपूर्वी तळावर नवा कॅप्टन आला. तळावर हेलिकॉप्टर एकच, वैमानिकही एकच. खाणीवरची माणसं डोंगरापलीकडे न्यायची-आणायची. पहिल्याच आठवड्यात त्याने नोंदवाल्याच्या कपाटावरचा बुद्धिबळाचा पट पाहिला, न विचारता खाली काढला आणि हरला. तिसऱ्यांदा हरल्यावर तो अरे-तुरेवर आला.

पुढे त्यांची एक पद्धत पडली. कॅप्टन उड्डाणाआधी खोलीत येऊन एक चाल करून जाई. परत येईपर्यंत नोंदवाल्याने उत्तर शोधायचं. खिडकीतून मशीन जमिनीवरून सुटलेलं दिसलं की नोंदवाला घड्याळ पाही, टेकलं की पुन्हा पाही, आणि वहीत लिही: विचाराला लागलेला वेळ, एक तास बेचाळीस मिनिटं. या वहीचा कुणाला काही उपयोग नव्हता. म्हणून तर ती त्याने इतकी नीट ठेवली होती.

एका मंगळवारी नोंदवाल्याने घोडा हलवला तेव्हा कॅप्टन हसला. "इतका विचार करून हे? माझी आजी याहून बरं खेळायची, आणि तिला दिसत नव्हतं."

"एक तास त्रेपन्न मिनिटं," नोंदवाला अभिमानाने म्हणाला.

कॅप्टन गेल्यावर त्याने त्या उड्डाणाची चिठ्ठी कार्डावर चढवायला घेतली. चिठ्ठीवर कॅप्टनच्या अक्षरात एक तास तीस मिनिटं होती. घड्याळ बघण्यात आपलीच चूक झाली असेल असं समजून त्याने आदल्या दिवसाची चिठ्ठी काढली. मग आदल्या महिन्याची. मग जेवण राहिलं.

तीनशे दहा उड्डाणं आणि दर उड्डाणामागे सरासरी वीस मिनिटं गायब. एकूण एकशे तीन तास. या हेलिकॉप्टरला पाती दोन, आणि प्रत्येक पातं मधल्या भागाशी एका पोलादी पट्ट्याने धरलेलं असतं. पातं फिरताना टनावारी जोराने बाहेर पळू पाहतं आणि पट्टा त्याला जाऊ देत नाही. त्या पट्ट्यांचं आयुष्य बाराशे तास. कार्डावर अकराशे एकतीस होते. खरे झाले होते बाराशे चौतीस. म्हणजे गेले कित्येक दिवस कॅप्टन आणि खाणीवरची आठ-आठ माणसं मुदत संपलेल्या पट्ट्यांना लटकून डोंगर ओलांडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळचं उड्डाण होतं. त्याआधी त्याने कॅप्टनसमोर वही ठेवली. कॅप्टनने ती बराच वेळ वाचली. मॅनेजर मागे लागतो म्हणाला, खाणवाले ओरडतात म्हणाला, त्या तासांत बनवणाऱ्या कंपनीने वाव ठेवलेलाच असतो म्हणाला. मग पटाकडे बघत म्हणाला, "पट्टे बदलायचे म्हणजे मशीन महिनाभर वर्कशॉपला. मला दुसऱ्या तळावर धाडतील. तिथे कोण आहे? बरे चाललेत ना आपले डाव?"

हे खरं होतं की खेळी होती, हे नोंदवाल्याला कळेना. उत्तर शोधायला या वेळी वेळ नव्हता.

त्याने बाहेर जाऊन ताईला फोन लावला. बुधवारी फोन आला म्हणून ताईने आधी कोण गेलं ते विचारलं. सगळं ऐकून घेतल्यावर तिने विचारलं, तुला दुसरा कुणी मित्र आहे का? नाही म्हणाला. मग जरा दमानं घे ना रे, म्हणाली. आणि लगेच विचारलं, "पण पडेल का ते?"

"माहीत नाही, ताई. तेच तर माहीत नसतं."

आत येऊन त्याने मशीनच्या दाराला उड्डाणबंदीची लाल पट्टी लावली आणि वहीसकट अहवाल मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. कॅप्टनला चौकशीसाठी मुख्य कचेरीत बोलावलं गेलं. पट्टे तपासणीला गेले.

तीन आठवड्यांनी ते परत आले. भिंगाखाली, किरणांखाली, सगळीकडून पाहिलं होतं. एकही तडा नव्हता. ही बातमी कॅन्टीनमध्ये त्याच्या आधी पोचली. तडा नव्हता म्हणजे वेळेवर उतरवले, असं तो सांगणार होता, पण विचारलंच नाही कुणी.

बाद पट्टा कुणी पुन्हा बसवू नये म्हणून कापून टाकायचा असतो. नोंदवाल्याने पहिला पकडीत आवळला आणि करवत घेतली. पोलाद हलत होतं, करवत घसरत होती. तेवढ्यात कोणीतरी पट्ट्याचं दुसरं टोक घट्ट धरलं. कॅप्टन आपलं कपाट रिकामं करायला आला होता.

"तडा नाही म्हणे," कॅप्टन म्हणाला.

"नाही."

"मग?"

"मग काही नाही."

दोन्ही पट्टे कापायला तासभर लागला. कॅप्टनने शेवटपर्यंत टोक सोडलं नाही. मग हात पुसले, खोका उचलला आणि गेला. गाडी फाटकाबाहेर पडल्यावर नोंदवाल्याच्या लक्षात आलं की पट्टे कापल्याच्या फॉर्मवर साक्षीदाराची सही राहिली. सहीच्या जागी त्याने कॅप्टनचं नाव लिहून फॉर्म मुख्य कचेरीत पाठवला.

चार दिवसांनी फॉर्म परत आला. सदर व्यक्ती आता या तळावर कार्यरत नाही, तरी पट्टे कापताना उपस्थित असलेल्या अन्य कर्मचाऱ्याची सही घ्यावी.

नोंदवाल्याने ते दोनदा वाचलं. मग पेन घेऊन खाली लिहिलं, अन्य कोणी उपस्थित नव्हते.