पडद्यामागे राहिलेली ओळ

मित्रांनो, मी चित्रपटगृहातला एक जुना स्पीकर आहे. माझी जागा पडद्याच्या मागे, म्हणून तुम्ही मला ऐकले असेल, पाहिले नसेल. लाकडी खोके आणि आत ताणलेला कागद, एवढाच माझा जीव. नवा होतो तेव्हा माझ्या एका गर्जनेने मागच्या रांगेतले लोकही दचकत.

पुढे छपरावर उपग्रहाचे चित्र पकडणारी तबकडी बसली आणि रविवारी दुपारी दूरच्या शहरातला ऑपेरा थेट दिसू लागला. ऑपेरा म्हणजे बोलणेही गाऊनच होते असे नाटक. प्रेक्षक मोजकेच. त्यांत शिवणकाम करणारी एक बाई माझ्या अगदी समोर बसे आणि समूहात गाणाऱ्या एकाच मुलीकडे पाहत राही. ती तिची लेक. गाण्यापायी घर सोडले म्हणून आईने पाच वर्षे अबोला धरला होता. आई इथे येते, हे लेकीच्या गावीही नव्हते.

एव्हाना माझ्या कागदाला चीर पडली होती. यंत्रचालक म्हणे, "चालतंय तोवर चालू दे. बघू पुढच्या महिन्यात."

एका रविवारी खेळाच्या पत्रकात लेकीचे नाव छापून आले. एकटीने गायची एक ओळ तिला मिळाली होती. बाईने शेजारणीला कोपराने ढोसले. "आता ऐक हं. माझी आहे ती!"

लेक पुढे आली. तिने तोंड उघडले आणि माझा कागद टर्रकन फाटला. नुसती घरघर. पडद्यावर ओठ तेवढे हलत राहिले.

बाई यंत्राच्या खोलीकडे धावली. "परत लावा ना हो!"

"थेट आहे, मावशी. गेलं ते गेलं."

खेळ संपला, माणसे पांगली, तरी ती बसून होती. बऱ्याच वेळाने तिने फोन लावला.

"मी बोलतेय... आई. इथे पडद्यासमोरच बसले होते गं. तुझी ओळ तेवढी गेली. आता म्हणून दाखवतेस?"

मग रिकाम्या अंधारात फोनमधून एक बारीक सूर उमटला. बाईने फोन कानाशी इतका घट्ट दाबला की पुढचे मला ऐकूच आले नाही.

आता मी जिन्याखालच्या खोलीत पडून आहे. तारा काढल्या, वीज नाही. तरी रविवारी दुपारी माझा फाटका कागद आपोआप थरथरतो. ती ओळ माझ्यापर्यंत आली होती, बाहेर मात्र पडली नाही. ती अजून माझ्यातच फिरते आहे. मी ऐकू पाहतो, तर शब्द लागत नाहीत.

मित्रांनो, चीर लहान असते तेव्हाच सांधा. आणि कोणाशी अबोला असेल, तर आजच बोला.