तिखटाचा आळ

"मिरची हिची, अन् नळी माझ्या लेकराला!" मनकर्णाबाई माझ्या कानाशीच पुटपुटल्या. सांगत होत्या नवऱ्याला, ऐकवत होत्या माझ्या भाचीला.

दवाखान्यातल्या बाकावर आम्ही चौघं दाटीनं बसलो होतो. एका टोकाला काकासाहेब, मग त्यांची बायको मनकर्णाबाई, मग मी, आणि दुसऱ्या टोकाला राजनंदिनी. माझ्या बहिणीची लेक, या दोघांची सून. मला मधे बसवलं होतं ते भिंत म्हणून. आत सोमनाथच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, आतड्याची दुर्बिणीनं तपासणी चालली होती.

लग्नाला दोन वर्षं झाली. महिनाभरातच त्याचं पोट बिघडलं. जुलाब, कळा, मधनंमधनं रक्त. रक्ताचं नाव मात्र घरात कुणी काढायचं नाही. 'पोटाचं' म्हणायचं आणि राजनंदिनीच्या हाताकडं बघायचं. पोरगी माहेरी झणझणीत जेवलेली, तिच्या हाताला तिखट जास्त, एवढं कारण सगळ्यांना पुरलं. तिनं चिकलठाण्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांतून मिरची हद्दपार केली. आईनं दिलेला येसर मसाल्याचा डबा झाकण न उघडता परत पाठवला. तरी त्याचं वजन उतरतच गेलं आणि तिच्यावरचा आळ वाढत गेला. आता रविवारी सासरच्या गावी, पाचोडला, बाजार उरकला की बैठक होती. तिच्या बापाला निरोप गेला होता, पोरीला घेऊन जायच्या तयारीनं या.

तपासणीसाठी मंडळी माझ्याकडं शहरातल्या छावणी भागात उतरली, कारण दवाखाना जवळ आणि माझ्या घरी संडास दोन. माणसाची पत कशानं वाढेल सांगता येत नाही. पहाटेपासून एक संडास जावयाच्या नावावर होता. पोट साफ व्हायचं ते खारट-आंबट पाणी राजनंदिनी पेला भरभरून देत होती, तो तोंड वाकडं करून पीत होता, आणि सासूबाई दारात उभ्या राहून विचारत होत्या, "एवढं तरी नीट कालवलं का गं?"

निघायच्या आधी ती स्वयंपाकघरात आली. "मावशी, ठेचा हाय का?"

मी वाटी पुढं केली. दाराकडं पाठ करून तिनं भाकरीचा तुकडा ठेच्याला लावला आणि चोरून खावा तसा खाल्ला. डोळ्यांतून पाणी आलं. ठेच्याचं आहे म्हणायची सोय होती, म्हणून मीही काही विचारलं नाही.

डॉक्टरबाईंनी आत बोलावलं. सोमनाथची गुंगी उतरली होती. चाकाच्या खुर्चीत तो मान खाली घालून बसला होता.

पडद्यावर त्याचं आतडं दिसलं. पोराचा गुडघा खरचटावा तसं लाल, मधे पांढुरके खड्डे. "या जखमा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "इथून पुढं वाट इतकी बारीक आहे की दुर्बीण जाईना. पुढचं गेल्या आठवड्याच्या स्कॅनमध्ये दिसतं. लहान आतड्याच्या शेवटी भिंत जाड झालीय आणि तिच्या मागचं आतडं फुगलंय. क्रोन्स नावाचा आतड्याच्या सुजेचा आजार वाटतोय. क्षयरोग नाही ना, ते बघायला तुकडे पाठवलेत."

"तिखटानंच ना?" मनकर्णाबाईंनी घाईनं विचारलं.

"नाही आई. तिखटानं त्रास वाढेल. हा आजार तिखटानं होत नाही."

डॉक्टरबाईही आमच्याच माहेरच्या असाव्यात, अशा नजरेनं मनकर्णाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं.

"यातली काही सूज ताजी आहे, ती औषधानं उतरेल," डॉक्टरबाई सांगत होत्या. "पण बरीचशी वाट वणानं आवळलीय. वणावर औषध चालत नाही."

राजनंदिनी आत आल्यापासून पहिल्यांदा बोलली. "असा वण पडायला किती दिवस लागतात?"

"दिवस नाही, वर्षं. नेमकं सांगता येत नाही कुणालाच. पण तुम्ही दोन वर्षं सांगितलीत, ती मला कमी वाटतात." त्या सोमनाथकडं वळल्या. "याआधी कधी दुर्बीण घातली होती? कुठली औषधं घेतली होती? ते कळलं तर नवं औषध नीट ठरवता येईल. नाहीतर अंदाजानं चालायचं, आणि अंदाज चुकला तर ऑपरेशन लवकर येईल."

"कधीच नाय घातली," मनकर्णाबाई म्हणाल्या. "लग्नाआधी पोरगं पैलवान होतं माझं."

काकासाहेब छताच्या पंख्याकडं बघत राहिले. पंखा बंद होता.

सोमनाथनं आधी आईकडं बघितलं, मग पडद्याकडं. बायकोकडं नाही.

राजनंदिनी उठली. पदर नीट केला. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती सोमनाथला, जेवण वाढतानाच्या आवाजात, म्हणाली, "मी बाहेर थांबते. मी नसले म्हंजे तुम्हाला सांगता येईल. जीव तुमचा हाय, उगं माझ्यापायी गप बसू नका."

"काय सांगायचंय? काय बी नाय सांगायचं!" मनकर्णाबाईंनी त्याच्या खुर्चीची मूठ धरली. "सोमनाथ, गुंगीत हायेस तू."

"गुंगी उतरली, आई." तो म्हणाला. राजनंदिनी दाराशी पोचली होती. "बस तू. इथंच बस."

ती बसली नाही, पण थांबली.

"डॉक्टर, पुण्याला कामाला होतो तेव्हा घातली होती नळी. लग्नाच्या लई आधी. जन्माचं दुखणं हाय म्हणून तेव्हाच सांगितलं होतं त्यांनी. घरात समद्यांना ठाऊक होतं, हिला सोडून. तिखटाचं नाव आईनं काढलं. खोटं हाय हे माहीत असून मी गप बसलो."