फ्रिजवरचा बोर्ड

आमचे हे चाकणला कंपनीत सुपरवायझर, आणि घरातही कंपनीच चालवतात. पंधरा वर्षांच्या दीक्षानं व्यायाम करावा म्हणून ह्यांनी फ्रिजवर बोर्ड लावला: ‘टार्गेट: मैदानाला पाच फेऱ्या.’ पोरगी पाय ओढत पाच मारायची, सहावीच्या वाटेला कधी गेली नाही.

परवा भाजी घेऊन येताना आम्हाला तीच पोरगी काळेवाडीच्या मुलींशी कबड्डी खेळताना दिसली. घामाघूम, गुडघा फुटलेला, पण थांबायचं नाव नाही.

“बघ, दम आहे पोरीत!” हे खूश.

“बघितलंत ना? आता गप्प बसा,” मी म्हटलं.

ऐकतात कुठले! घरी येऊन बोर्डावर लिहिलं: ‘टार्गेट: कबड्डी, एक तास.’

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दीक्षा विचारते, “आई, कबड्डीला सुट्टी कधी असते गं?”