विरळणीची रोवळी

मित्रांनो, माझ्या काठाकडे बघून नाक मुरडू नका. एका बाजूचा वेत सुटला आहे, हे मला माहीत आहे. तळाच्या कामट्या मोडल्या आहेत, तेही माहीत आहे. पण या घरात आलेली नवी गुलाबी प्लॅस्टिकची रोवळी उन्हात ठेवली की तोंड वाकडं करते, आणि मी इतकी वर्षं ऊन, पाणी, चिखल आणि बदकं झेलूनही गोलच्या गोल आहे. आता तुम्हीच सांगा, थकलेली कोण?

माझं मूळ बांबूच्या बेटात. लाल नदीच्या सखल मुलखात आमची बेटं गावाला कुंपणासारखी वेढा घालून उभी असतात. मला तोडलं आणि थेट तळ्याच्या चिखलात बुडवून ठेवलं. तिथे मी कितीतरी महिने पडून होते. बाहेर काढलं तेव्हा असा काही वास मारत होते की कारागिराची बायको त्याला म्हणाली, आधी तू आंघोळ कर आणि मग जेवायला ये. पण ज्या बांबूनं तो चिखल खाल्ला त्याला कीड लागत नाही. मग त्यानं माझ्या हिरव्या पाठीच्या तेवढ्या कामट्या काढल्या, विणल्या, काठाला वेत आवळला आणि चुलीवरच्या फळीवर धुरात ठेवलं. मी तपकिरी झाले, कडक झाले. बाजारात लुयेनबाईंनी मला उचललं, उजेडाकडे धरून भोकं पाहिली, काठ दाबून पाहिला आणि काही न बोलता बगलेत मारलं. त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी पुढेही कधी ऐकली नाही.

लुयेनबाई बोलण्याच्या बाबतीत अगदी चिक्कू. घराच्या मागे तळं, तळ्याकडेला केळी आणि सुपाऱ्या, आणि मधे त्यांचे भाजीचे वाफे. तिथे त्या बुटक्या पाटावर बसायच्या, मी शेजारी, आणि सबंध सकाळ आम्ही दोघी गप्प. आमचं काम विरळणीचं. माठाचं बी असतं धुळीसारखं. राखेत मिसळून कितीही हलक्या हातानं फेकलं तरी ते दाटीवाटीनंच उगवतं. तसंच राहू दिलं तर कुणालाच धड जागा मिळत नाही, सगळीच रोपं काडीसारखी उभी राहतात. म्हणून मधली मधली उपटायची. उपटलेली सगळी माझ्या पोटात येतात. काही लोकांना त्यांची दया येते. मला कधी आली नाही. माझ्या पोटातून ती तळ्याच्या पायरीवर धुवायला जातात आणि तिथून सुक्या कोळंबीच्या रश्श्यात. कोवळ्या माठाची गोडी मोठ्या माठाला येत नाही, हे या गावात शेंबडं पोरही सांगेल.

गेल्या हिवाळ्यात घरात सून आली. तिचं नाव थोआ. ती समुद्रकाठच्या कोळ्यांची मुलगी. तिच्या माहेरी सगळी वाळू, भाजी म्हणजे विकत आणायची वस्तू. जाळं कसं विणायचं, वारा कुठून फिरेल हे तिला कळे, पण मोहरीचा वाफा पाहून ती म्हणाली, "आई, एवढं गवत?" लुयेनबाईंचा मुलगा जहाजाच्या कारखान्यात कामाला, सणासुदीलाच घरी यायचा. तेव्हा सासू-सून आणि मी एवढाच आमचा संसार होता. लुयेनबाईंनी तिला मोहरीच्या वाफ्यात बसवलं आणि एकच धडा दिला. मोठं असेल ते उपटायचं, लहान ठेवायचं. मोठं आज खायचं, लहान वाढलं की उद्या खायचं. थोआनं तो धडा असा घोटला की महिन्याभरात तिचे हात सासूच्या हातांच्या बरोबरीनं चालू लागले. मला भरायची ती घाई करत नसे. मुळांची माती झटकून, सगळ्यांची डोकी एका बाजूला ठेवून रोपं माझ्यात रचायची. मला ती आवडली.

आता त्या बियाण्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. लुयेनबाईंचं माहेर नदीच्या पात्रातल्या गाळाच्या बेटावर होतं. नदीनं दर पावसाळ्यात ते थोडं थोडं खाल्लं. आधी शेतं गेली, मग घरं, शेवटी देऊळही गेलं. आज तिथे नुसतं पाणी आहे. त्या गावच्या माठाच्या पानाला मधोमध गडद लाल शिरा असतात आणि त्याचा रस्सा लालभडक होतो. लग्नात लुयेनबाई त्याचं बी घेऊन आल्या होत्या. माहेरातलं तेवढंच उरलं होतं. ते बी लुयेनबाई एका बाटलीत भरून, सुक्या केळीच्या पानाचं बूच मारून चुलीजवळ टांगत. गेल्या वर्षी स्वयंपाकघराची कौलं बदलताना बाटली खाली उतरवली आणि ओलीत राहिली. उघडली तर बी काळं बुरशीचं. तळातलं चिमूटभर तेवढं कोरडं होतं. तेवढं सगळं त्यांनी तळ्याकडेच्या लहानशा वाफ्यात टाकलं. उगवलं, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. रोज सकाळी त्या तिथे उभ्या राहून मधली उंच, जाड देठाची रोपं नजरेनं निवडत. तीच ठेवायची होती. त्यांनाच मोठं होऊ देऊन, फुलोरा येऊ देऊन, बी धरायचं होतं. हे त्यांच्या डोळ्यांत मला दिसत होतं. बोलल्या मात्र कुणापाशी नाहीत.

उन्हाळा लागला. शेतात भात पिवळा व्हायला लागला होता. लुयेनबाई बहिणीच्या गावी आईच्या श्राद्धाच्या जेवणाला गेल्या. त्या संध्याकाळी दमून येतील, तेव्हा सगळे वाफे विरळलेले दिसले तर खूश होतील, असं थोआला वाटलं. तिनं पाट घेतला, मला घेतलं आणि सकाळपासून सुरुवात केली. हिरवा माठ विरळून झाला, मायाळूची भाजी झाली. मग ती तळ्याकडे वळली.

मित्रांनो, रोवळीला तोंड असतं पण आवाज नसतो. लाल शिरांची ती जाडजूड रोपं एकेक करून माझ्या पोटात यायला लागली तेव्हा मला हे फार जाणवलं. थोआ गुणगुणत होती. तिच्या दृष्टीनं ती अगदी शिकवल्याप्रमाणे करत होती. मोठं उपटायचं, लहान ठेवायचं. वाफ्यात शेवटी उरली ती किरटी, सावलीत वाढलेली, मान टाकलेली रोपं. मग थोआ पायरीवर बसली, माझ्यातल्या निम्म्या रोपांची मुळं कापून टाकली, धुऊन चुलीवरच्या भांड्यात घातली.

तेवढ्यात शेजारच्या लुआकाकू कुंपणाशी आल्या. या बाई काही मागायला येतात आणि न मागताच पुष्कळ देऊन जातात, म्हणजे सल्ले. त्यांनी माझ्यात डोकावलं आणि त्यांचा चेहरा बदलला. बाटली उघडली तेव्हा त्या तिथेच होत्या. बाटलीची बुरशी, नदीनं खाल्लेलं गाव, सगळं त्यांनी एका दमात थोआला सांगितलं. थोआ ऐकत होती आणि तिच्या हातातून पाणी गळत होतं.

"आता काय करू, काकू?"

"काय करणार? कोंबड्या शिरल्या म्हणून सांग. मी साक्षीला आहे. माझ्याच कोंबड्या म्हण हवं तर, तशाही त्या बदनाम आहेत."

कोंबड्यांची गोष्ट चालली असती. लुआकाकूंच्या कोंबड्यांची ख्याती तशीच होती. पण तिनं मान हलवली. "कोंबडी मुळासकट उपटून एका बाजूला डोकी करून ठेवत नाही, काकू," ती म्हणाली. मग तिनं मला उचललं, तळ्याच्या कडेला केळीच्या सावलीत नेलं आणि माझा तळ पाण्यात टेकवून ठेवला, म्हणजे उरलेल्या रोपांची मुळं ओली राहतील. ऊन डोक्यावर होतं. पोटातली रोपं मलूल होत चालली होती, आणि थोआ माझ्याजवळ उकिडवी बसून त्यांच्यावर हातानं पाणी शिंपडत होती. ती रडत होती. मी अनेक बायकांना पाहिलं आहे, पण रडताना हाताचं काम न थांबवणारी ही पहिलीच.

दुपार उतरली तेव्हा लुयेनबाई आल्या. हातात श्राद्धाच्या जेवणातला वाटा होता, केळीच्या पानात बांधलेला. थोआ उठून उभी राहिली.

"आई, तळ्याकडचा वाफा मी विरळला. मोठी मोठी काढली. मला माहीत नव्हतं."

लुयेनबाई वाफ्याकडे गेल्या नाहीत. माझ्याकडे आल्या. खाली बसून त्यांनी माझ्यात हात घातला आणि एक रोप उचललं. मला खरंच भीती वाटली की आता काही वाईट बोललं जाईल आणि ते या घरात कायमचं राहील.

"मुळं आहेत यांना," त्या म्हणाल्या.

"एवढ्यांना आहेत. बाकीची भांड्यात गेली."

"भांड्यातली खाऊ. चल, चिखल कालव." मग पाठ फिरवून, पाटाकडे जाता जाता त्या म्हणाल्या, "मोठं उपट, हे मीच शिकवलं तुला. कुठलं उपटायचं नाही, ते सांगायला माझी जीभ उचलली नाही."

ऊन कलल्यावर दोघींनी मुळं पातळ चिखलात बुडवून रोपं पुन्हा लावली, मानेपर्यंत मातीत. एवढीशी जागा, त्यामुळे जवळ जवळच लावावी लागली. दुसऱ्या दिवशीच्या उन्हासाठी केळीच्या खोडाची सोपटं कापून त्यांच्यावर छपरं केली. मधल्या सगळ्यात चांगल्या रोपांना सोपटं पुरेनात. थोआ गुलाबी प्लॅस्टिकची रोवळी घेऊन आली. लुयेनबाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी मला पालथं केलं आणि त्या रोपांवर ठेवलं. "हिच्यातून वारा जातो," एवढंच म्हणाल्या. मी त्या बोलण्यावर पुढचे कितीतरी दिवस काढले.

त्या रात्रीच्या जेवणात रस्सा लालभडक झाला होता. लुयेनबाईंनी वाटी तोंडाला लावली आणि तशीच धरून ठेवली. बी संपेल या धास्तीनं गेली काही वर्षं त्यांनी तो माठ खाल्लाच नव्हता, नुसता राखला होता. "अशीच चव होती," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसले. मग त्या आईच्या घराबद्दल बोलल्या, नदीबद्दल बोलल्या. दार उघडं होतं, माझ्या भोकांतून सगळं दिसत होतं आणि आवाज पार माझ्यापर्यंत वाफ्यात येत होता. थोआ त्यांना मधेच थांबवत नव्हती.

मी पालथी होते. उन्हानं माझी पाठ फुटली, रोजच्या शिंपण्यानं वेत सैल झाला, बदकांनी माझ्यावर चढून जे काही केलं ते मी सभ्यपणे सांगणार नाही. माझ्या आत मात्र सावली होती आणि वारा होता. पहिले दोन दिवस रोपं जमिनीला टेकली होती. मग एकानं मान उचलली. मग दुसऱ्यानं. मला उचललं त्या सकाळी आत सगळी उभी होती, आणि ती बघून थोआ मातीतच बसली.

पण गोष्ट इथे संपली नाही. जवळ जवळ लावलेली रोपं जोम धरू लागली तशी पुन्हा दाटी झाली. लुयेनबाईंनी पाट आणून थोआच्या पुढ्यात ठेवला. या वेळी बारीक काढायची, जाड ठेवायची, आणि कशासाठी ते त्यांनी तिला बसवून नीट सांगितलं. बोलण्यात आता त्या थोड्या उदार झाल्या होत्या. थोआचा हात मात्र पुढे होईना.

"आई, ही मी जगवली आहेत. यातलं कुठलं उपटू?"

"जिनं जगवलं तिलाच कळेल. सगळी ठेवलीस तर एकालाही बी धरणार नाही."

थोआनं सुरुवात केली. बारीक होती ती निघाली. शेवटी निवडायची अशी दोनच रोपं उरली, एकाला एक खेटून, सारख्याच उंचीची, सारख्याच देठाची. तिनं सासूकडे पाहिलं. लुयेनबाई उठल्या आणि घरात निघून गेल्या.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी काही जपत असेल. ते कुणीतरी सांगेल म्हणून वाट बघू नका, विचारा. आणि जपणारे तुम्ही असाल तर तोंड उघडा. नुसतं बाटलीत भरून टांगलेलं फार काळ टिकत नाही, हे मी पाहिलं आहे. आणि हो, जुनी रोवळी चुलीत घालण्याआधी तिच्यातून वारा कसा जातो ते एकदा बघा. मी विनवणी करत नाही, मला तिची गरज नाही. तुमच्या भल्याचं सांगते.

त्या दोन रोपांपैकी एक पुढे थोआच्या खांद्यापर्यंत वाढलं, आणि त्याच्या फुलोऱ्यातून तिनं ओंजळभर काळं चमकदार बी झाडून घेतलं. दुसरं त्या दिवशी माझ्यात होतं. तिनं ते दोन्ही हातांनी, हलकेच ठेवलं, तळ्यावर नेऊन एकटंच धुतलं. एवढ्याशा रोपानं रस्सा लाल होत नाही, हे तिला चांगलं कळत होतं. तरी तिनं ते भांड्यात घातलं आणि आईला जेवायला हाक मारली.